दूरचे युद्ध आणि जिल्हा आवृत्ती : मराठी दैनिकांतील युक्रेन

प्रस्तुत लेखात २०२२ मधील युक्रेन युद्धाच्या मराठी दैनिकांतील वृत्तांकनाचा, विशेषतः जिल्हा आवृत्त्यांचा, विचार केला आहे. हा विचार मोजमापाचा नसून वाचनाचा आहे, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

वृत्तचौकटीचे रॉबर्ट एंटमन यांनी १९९३ मध्ये केलेले विवेचन अभ्यासकांना परिचित आहे. वास्तवाच्या काही बाजू निवडून ठळक केल्या की, समस्या कोणती आणि दोष कोणाचा हे वाचकासाठी जवळजवळ ठरून जाते. त्याआधी १९६५ मध्ये गाल्टुंग व रूगे यांनी नॉर्वेतील वृत्तपत्रांच्या आधारे परकीय बातमीच्या निवडीत सांस्कृतिक जवळिकीचे महत्त्व दाखविले होते. खारकीव्ह आणि लातूर यांच्यात अशी जवळीक कोणती? ती वैद्यकीय प्रवेशाची होती.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने आक्रमण केले आणि ‘आपल्या जिल्ह्यातील किती विद्यार्थी अडकले’ हा प्रश्न बातमीचा कणा बनला. तळघरातून आलेला दूरध्वनी, रुमानियाच्या सीमेपर्यंतची थंडीतील पायपीट, जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष, घरी परतल्यावर झालेले औक्षण अशा क्रमाने कथानक पुढे सरकले. १ मार्च रोजी खारकीव्हमधील माऱ्यात हावेरी जिल्ह्यातील एक विद्यार्थी मृत्युमुखी पडला, तेव्हा त्याला शोकान्त परिमाणही लाभले.

ही चौकट संकुचित म्हणून झिडकारणे अन्यायाचे होईल. खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांच्या शुल्कामुळे मध्यमवर्गीय कुटुंबे मुलांना इतक्या दूर पाठवितात, हे एरवी दबून राहणारे वास्तव याच चौकटीमुळे पृष्ठभागावर आले. एखाद्या शिक्षण परिषदेतही त्याची इतकी चर्चा झाली नसती.

प्रश्न उरतो तो युक्रेनियन माणसाचा. या कथानकात तो पार्श्वभूमीपुरता येतो : बसचा चालक, तळघरातील शेजारी, सीमेवरील पहारेकरी. ८ मार्च रोजी सुमी शहरातून भारतीय विद्यार्थी बाहेर पडले. मागे राहिलेल्या सुमीकरांची बातमी मात्र त्यांच्याबरोबरच शहराबाहेर पडली. ‘ऑपरेशन गंगा’तून सुमारे २२,५०० भारतीय परतले. एप्रिलच्या आरंभी बुचा येथील मृतदेहांची छायाचित्रे जगासमोर आली, तोवर जिल्हा आवृत्तीत युद्ध सूर्यफूल तेलाच्या भावात जाऊन बसले होते. तेही खोटे नव्हे, कारण भारताच्या सूर्यफूल तेल आयातीचा मोठा वाटा युक्रेनमधून येत असे.

भाषेकडे मात्र अधिक बारकाईने पाहावयास हवे. आपल्याकडे युद्ध ‘पेटते’, त्याचा ‘भडका उडतो’, क्षेपणास्त्र ‘कोसळते’. ही सारी अकर्मक क्रियापदे आहेत. वृत्तसंस्थेच्या मजकुरात कर्ता असतो. शीर्षकात तो अनेकदा गळतो आणि आक्रमणाला वणव्याची कळा येते. २ मार्च रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या निषेधाचा ठराव १४१ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला, तर ३५ देश तटस्थ राहिले. त्यांत भारत होता. ही तटस्थता आणि कर्त्याविना शीर्षके यांत संगनमत शोधण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकास ते पटत नाही. स्तंभाची रुंदी आणि रात्रपाळीची घाई एवढे स्पष्टीकरण पुरेसे वाटते. परिणाम मात्र तोच होतो. ‘आक्रमण’ आणि ‘संघर्ष’ हे शब्द एकाच बातमीत अदलाबदल करून वापरले जातात, तेव्हा शैलीची पुनरुक्ती टळते, पण दोषाचा निर्णयही टळतो.

सुदानच्या बाबतीत हीच चौकट अधिक उघडी पडली. तेथील युद्ध १५ एप्रिल २०२३ रोजी सुरू झाले. ‘ऑपरेशन कावेरी’तून सुमारे ३,८०० भारतीय बाहेर काढण्यात आले आणि मेच्या पहिल्या आठवड्यात मोहीम संपली. युद्ध संपले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर एल फाशर शहर निमलष्करी दलाच्या हाती पडले आणि नागरिकांच्या हत्याकांडाची वृत्ते आली, तेव्हा जिल्हा आवृत्तीकडे परतणाऱ्यांची यादी नव्हती.