पत्रकातील मूलपेशी

डोंबिवलीच्या एका प्रसूतिगृहात मिळालेले पत्रक आमच्या धर्मग्रामातील एका तरुण दांपत्याने परवा आमच्या हाती ठेवले. बाळाच्या नाळेतील रक्त साठवून ठेवणाऱ्या एका खासगी बँकेचे ते मराठी पत्रक होते. ‘फादर, यात पाप तर नाही ना?’ एवढाच त्यांचा प्रश्न होता. साहित्याच्या त्रैमासिकात पत्रकाची समीक्षा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ठाणे-कल्याण परिसरात कवितासंग्रहांपेक्षा अशी पत्रकेच अधिक वाचली जातात आणि ती वाचून माणसे हप्ते बांधून घेतात.

‘मूलपेशी’ हा शब्द मोठा सुरेख आहे. इंग्रजीने खोडाची प्रतिमा घेतली, मराठी मुळाशी गेली. तथापि मराठीत मूल म्हणजे अपत्यही. ऐकणाऱ्याला मूलपेशी ही मुलाचीच पेशी वाटते, आणि पत्रककाराने हा संभ्रम दूर करण्याऐवजी जोपासला आहे. कवच, विमा, वरदान हे शब्द पानोपानी येतात. पुढे रोगांची लांबलचक यादी येते आणि तीत थॅलेसेमिया आहे.

येथे आम्ही थबकलो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेले उल्हासनगर येथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि या समाजात थॅलेसेमियाचे वाहक पुष्कळ आढळतात. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवून घेणारी मुले तेथे नवलाची नाहीत. अशा मुलाला स्वतःच्याच नाळेचे साठवलेले रक्त काय कामाचे? जो दोष त्याच्या अस्थिमज्जेत, तोच त्या रक्तातील मूलपेशींत. उपयोग होतो तो निरोगी, जुळणाऱ्या भावंडाच्या मूलपेशींचा, आणि सख्खे भावंड पूर्णतः जुळण्याची शक्यता चारांत एक. यादी खोटी नाही. पण रोगाच्या नावापुढे ‘कोणाच्या पेशी’ हे दोन शब्द गाळले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे, की भविष्यात स्वतःसाठी म्हणून नाळेचे रक्त साठवण्यास शास्त्रीय आधार नाही.

याचा अर्थ आशाच फोल, असा मात्र नव्हे. परळच्या टाटा रुग्णालयात 1983 मध्ये अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झाले. या तंत्राचे अध्वर्यू डॉ. डोनल थॉमस यांना 1990 चे नोबेल मिळाले. आज बोरिवलीला महापालिकेच्या केंद्रात थॅलेसेमियाच्या मुलांवर हा उपचार होतो. रुग्णाच्याच मूलपेशी बाहेर काढून, त्यांच्या जनुकांत फेरफार करून परत देण्याच्या उपचारालाही 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने मान्यता दिली. त्याची अमेरिकेतील किंमत 22 लाख डॉलर! उल्हासनगरच्या आईने हा आकडा ऐकून काय करावे?

आता आमच्या व्यासपीठाची समीक्षा. 1998 मध्ये मानवी भ्रूणापासून मूलपेशी वेगळ्या केल्या गेल्या. 2001 मध्ये अमेरिकी सरकारच्या मान्य यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे नाव झळकले. तेव्हा आम्ही भ्रूणहत्येविरुद्ध आवेशाने प्रवचने केली. त्या मताला आम्ही आजही धरून आहोत. पण भ्रूणाची पेशी आणि नाळेची पेशी यांतील भेद सांगण्याचे कष्ट घेतले नाहीत. 2008 च्या ‘डिग्नितास पर्सोने’ या दस्तऐवजात प्रौढ शरीराच्या आणि नाळेच्या रक्तातील पेशी घेणे ग्राह्य ठरवले आहे. 2006 मध्ये जपानच्या यामानाका यांनी साध्या पेशीलाच मूलावस्थेत नेण्याची वाट दाखवली होती. यातले आमच्या प्रवचनांत काहीच आले नाही. त्या दांपत्याच्या मनातले ‘पाप’ आमच्याच गाळलेल्या शब्दांतून आले होते. म्हणजे पत्रककाराने जे केले तेच आम्हीही केले, फक्त शुल्क घेतले नाही.

पाप नाही, असे आम्ही त्यांना सांगितले. पैसे भरण्याआधी डॉक्टरांना नेमके काय विचारायचे, तेही कागदावर लिहून दिले. मग विचारले, थॅलेसेमियासाठी दोघांनी रक्त तपासले आहे का? दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात चारांत एक धोका असतो. त्यांनी हा प्रश्न पहिल्यांदाच ऐकला. पत्रकात तो नव्हता. दोन वर्षांपूर्वी आमच्याच विवाहपूर्व शिबिराला ते तीन रविवार बसले होते, तेथेही नव्हता. पुढच्या शिबिरासाठी रक्तविकारांच्या एका डॉक्टर बाईंना आम्ही शब्द टाकला आहे.