‘यजमान’, ‘वारसा’ आणि ‘बिगार’ : क्रीडामहोत्सवांच्या परिभाषेची चिकित्सा

१

एखाद्या नगराने आंतरराष्ट्रीय क्रीडामहोत्सव भरविण्याचे पत्करले, की मराठी वृत्तपत्रे त्या नगरास ‘यजमान’ ही पदवी बहाल करतात. हा शब्द रूढ होऊन इतका काळ लोटला आहे की त्याच्या पोटात एक संपूर्ण आर्थिक व्यवस्था दडलेली आहे, हे सहसा ध्यानी येत नाही. ‘यज्’ हा धातू उभयपदी आहे. क्रियेचे फळ कर्त्याकडे जात असेल तर आत्मनेपद आणि ते दुसऱ्याकडे जात असेल तर परस्मैपद, अशी पाणिनीय व्यवस्था आहे. त्यामुळे दुसऱ्यासाठी यज्ञ करणाऱ्या ऋत्विजाविषयी ‘यजति’ म्हणावयाचे आणि ज्याच्या पदरी यज्ञाचे फळ पडावयाचे त्याच्याविषयी ‘यजते’. या दुसऱ्या रूपापासूनच ‘यजमान’ हा शब्द सिद्ध होतो. संकल्प त्याचा, दक्षिणा त्याची आणि फळही त्याचेच. या तीन गोष्टी एका ठिकाणी नांदतात म्हणूनच तो यजमान.

मराठीत या शब्दाचा अर्थ पुढे घरधनी, आश्रयदाता, पाहुण्यांचे आगतस्वागत करणारा असा विस्तारत गेला. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे भाषाभ्यासकास सांगावयास नको. परंतु व्युत्पत्ती अर्थनिर्णयास असमर्थ असली, तरी एक उपयुक्त प्रश्न तिच्यातून निष्पन्न होतो : संकल्प, खर्च आणि फळ या तीन गोष्टी आजच्या ‘यजमाना’च्या ठायी एकत्र आहेत काय?

२

या प्रश्नाचे उत्तर ऑलिंपिक सनदेत बऱ्याच स्पष्टपणे मिळते. ऑलिंपिक सामने ही आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची अनन्य मालमत्ता असून त्यांच्या प्रक्षेपणासह सर्व हक्क तिच्याकडे आहेत, असे सनद सांगते. सामन्यांच्या संयोजनाची व वित्तव्यवस्थेची कोणतीही आर्थिक जबाबदारी समितीवर नाही, असेही तीच सनद सांगते. मिळकतीतील काही वाटा स्थानिक संयोजकांना मिळतो. तुटीत मात्र समिती वाटेकरी होत नाही. म्हणजे दक्षिणा नगराने द्यावयाची आणि यज्ञाची मालकी ऋत्विजाकडे राहावयाची. येथे आत्मनेपदाचा वेष घेतलेले परस्मैपद आढळते.

१९७६ चे माँट्रिअल हे याचे ठळक उदाहरण होय. पुरुषास मूल होणे जितके अशक्य, तितकेच ऑलिंपिकमध्ये तूट येणे अशक्य, अशा आशयाचे उद्गार महापौर झाँ द्रापो यांनी काढले होते. प्रत्यक्षात जे कर्ज उरले ते फिटावयास २००६ साल उजाडले आणि त्यासाठी क्वेबेक प्रांताने तंबाखूवर खास कर बसविला. क्रीडागाराचा मनोरा तर सामन्यांच्या वेळी अपुराच होता. ऑक्सफर्ड विद्यापीठातील फ्लिव्हब्जेर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माँट्रिअलचा खर्च मूळ अंदाजापेक्षा ७२० टक्क्यांनी वाढल्याचे दाखविले आहे. त्या अभ्यासातील उन्हाळी सामन्यांत हीच वाढ सर्वाधिक होती.

याच्या उलट उदाहरण १९८४ च्या लॉस एंजेलिसचे दिले जाते, आणि ते विचारात घेतलेच पाहिजे. ते सामने फायद्यात गेले. परंतु त्यामागील कारण बहुधा सांगितले जात नाही. माँट्रिअलचा अनुभव ताजा असल्याने अन्य नगरे मागे सरली होती. त्या स्थितीत लॉस एंजेलिसच्या मतदारांनी १९७८ मध्ये नगराच्या तिजोरीस सामन्यांच्या तुटीपासून संरक्षण देणारा निर्बंध संमत केला आणि समितीला आपल्या नेहमीच्या अटीस मुरड घालावी लागली. शिवाय मुख्य क्रीडागार १९३२ च्या सामन्यांच्या वेळचेच होते. म्हणजे ज्या नगराने रूढ अर्थाने यजमान होण्याचे नाकारले, तेच खऱ्या अर्थाने यजमान ठरले.

३

दुसरा शब्द ‘वारसा’. क्रीडामहोत्सवांच्या समर्थनार्थ तो अलीकडच्या दशकांत पुढे आला. २००३ मध्ये ऑलिंपिक सनदेतही त्या कल्पनेस स्थान मिळाले. रस्ते, भुयारी रेल्वे, क्रीडागारे आणि युवकांना लाभणारी प्रेरणा यांचा समावेश या संज्ञेत केला जातो. बार्सिलोनाने १९९२ च्या निमित्ताने आपला समुद्रकिनारा नगराला खुला करून दिला, तेव्हा ही संज्ञा सर्वथा पोकळ आहे असे म्हणता येणार नाही. तथापि तिचा वापर नेहमी एकाच अंगाने होतो. आपल्या धर्मशास्त्रात दायविभागाच्या जोडीने ऋणादानाचाही विचार येतो; पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे कर्तव्य मानले आहे. मात्र जुगार वा मद्यपान यांसाठी काढलेल्या ऋणाचा भार पुत्रावर नाही, हा अपवादही स्मृतिकारांनी नोंदविला आहे. दाय आणि ऋण यांची ही सांगड क्रीडामहोत्सवांच्या परिभाषेत तुटलेली दिसते. माँट्रिअलमध्ये सामन्यांच्या वर्षी जन्मलेले मूल तीस वर्षांचे होईपर्यंत ते ऋण चालू होते. त्यासही वारसाच म्हटले पाहिजे.

४

तिसरा शब्द या परिभाषेत मुळी येतच नाही. तो न्यायालयातून आणावा लागतो. १९८२ च्या आशियाई सामन्यांसाठी दिल्लीत जी बांधकामे झाली, त्यांवर राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा अशा प्रांतांतून आणलेले मजूर राबत होते. किमान दैनिक वेतन ९ रुपये २५ पैसे असताना जमादार त्यातून दरडोई एक रुपया कापून घेत; स्त्रियांना तर सातच रुपये मिळतात, अशी तक्रार होती. लोकशाही हक्कांसाठी झटणाऱ्या एका संघटनेने हे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात नेले आणि न्यायमूर्ती भगवती यांनी त्याच वर्षी निर्णय दिला. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदात ‘बिगार’ हा देशी शब्द इंग्रजी पाठातही जसाच्या तसा ठेवलेला आहे. त्या शब्दास लागून येणाऱ्या ‘सक्ती’चा अर्थ न्यायालयाने विस्तारला. सक्ती केवळ चाबकाचीच असते असे नाही, भुकेचीही असते. म्हणून किमान वेतनाहून कमी मोबदल्यावर करून घेतलेले काम हीदेखील सक्तीची मजुरीच, असे न्यायालयाने ठरविले. अर्थविस्ताराचे इतके महत्त्वाचे उदाहरण भारतीय विधिभाषेत क्वचितच सापडेल. आणि ते ज्या प्रसंगी घडले तो प्रसंग क्रीडामहोत्सवाचा होता.

२०१० मध्ये त्याच नगरात राष्ट्रकुल सामने झाले. प्रारंभी सुमारे १,२०० कोटी रुपयांचा असलेला अंदाज पुढे १८,५३२ कोटींपर्यंत गेल्याचे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०११ च्या अहवालाने नोंदविले. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की अनुसूचित जातींच्या विशेष घटक योजनेतील ६०० कोटींहून अधिक रक्कम सामन्यांशी निगडित कामांकडे वळविली गेली होती आणि ही चूक ऑगस्ट २०१० मध्ये गृहमंत्री चिदंबरम् यांना संसदेत मान्य करावी लागली. दक्षिणा कोणाच्या ताटातून उचलली गेली, हे ‘यजमान दिल्ली’ या दोन शब्दांवरून कधीच कळले नसते. नगराचे नाव कर्तृपदी घातले की खरा दाता वाक्यातून नाहीसा होतो.

५

२०३० चे राष्ट्रकुल सामने अहमदाबादला देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये इरादापत्र पाठविले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२६ च्या राष्ट्रकुल सामन्यांतून खर्चाचे कारण देऊन माघार घेतली आणि त्यापायी ३८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांची भरपाई दिली, हे उदाहरणही समोर आहे. खेळ भरवू नयेत असा निष्कर्ष यातून निघत नाही. सामुदायिक उत्सवास मोल असते आणि ते सर्वस्वी पैशात मोजता येत नाही. परंतु मोल पैशात मोजता येत नाही, या सबबीवर पैशाचाही हिशेब न देणे ही शब्दांची फसवणूक होय.

भाषाभ्यासकाचे येथील काम मर्यादित आहे. क्रीडामहोत्सवाविषयीच्या प्रत्येक विधानास व्याकरणातील साधे प्रश्न विचारावयाचे : कर्ता कोण, फळ कोणाकडे, आणि वाक्यात ज्याचा उल्लेख नाही तो कोण? करारावर सही होण्यापूर्वी हे प्रश्न विचारले गेले, तर ‘यजमान’ या शब्दास त्याचा मूळचा अर्थ परत मिळण्याचा संभव आहे. ते सहीनंतर विचारले गेले, तर उत्तर लेखापरीक्षकाच्या अहवालात किंवा न्यायालयाच्या निकालपत्रातच वाचावे लागेल, असा आजवरचा अनुभव आहे.