कंठ आणि अधिकार

कोकणातील बेने इस्राएल बांधवांमुळे 'हजान' हा शब्द मराठीला अगदीच परका नाही. सिनेगॉगमध्ये समाजाच्या वतीने प्रार्थना गाणारा तो हजान. हे पद शतकानुशतके पुरुषांकडेच राहिले. तालमुदात शमुएल ह्या आचार्यांचे, स्त्रीचा कंठस्वर नग्नतेसमान मानणारे वचन आहे. शिवाय, ज्याच्यावर एखाद्या विधीचे बंधन नाही त्याला इतरांच्या वतीने तो पार पाडता येत नाही, असाही नियम आहे. पहिला आक्षेप कंठावर, दुसरा अधिकारावर. ह्या दोहोंची गल्लत करू नये, असे आम्हांस वाटते.

विसाव्या शतकातील अमेरिकेत 'खझेन्ते' म्हणविणाऱ्या गायिका हजानांच्या चिजा रंगभूमीवर व रेडिओवर गात. फिलाडेल्फियाच्या जीन गोर्निश ह्या 'शेइंदेले' नावाने त्यांत गाजल्या. हजानाचा झगा आणि टोपी घालून, खालच्या पट्टीत, भरदार आवाजात त्या गात. श्रोत्यांनी हे गाणे मनापासून उचलून धरले. परंतु सनातनी सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालविण्याचा मान अशा गायिकेला मिळणे शक्य नव्हते. कंठ मान्य झाला, अधिकार नाही.

पुढे १९७५ मध्ये सुधारक पंथाच्या हिब्रू युनियन कॉलेजने बार्बरा ऑस्टफेल्ड ह्यांना हजानपदाची दीक्षा दिली; १९८७ मध्ये ज्युइश थिऑलॉजिकल सेमिनरीने दोन स्त्रियांना ती दिली. सनातनी पंथाची मुख्य धारा मात्र आजही हे मानीत नाही.

आता दुसरी तक्रार ऐकू येते. गिटारवर सोप्या चाली बांधणाऱ्या डेबी फ्रीडमन ह्यांनी साऱ्या सभेला गाते केले आणि हजानाची आलापप्रधान एकल गायकी मागे पडली, अशी ती तक्रार. ह्या बाईंना हजानपदाची दीक्षा नव्हती. तरी २०११ मध्ये त्यांच्या निधनानंतर ती दीक्षा देणाऱ्या त्याच कॉलेजच्या संगीतशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. तक्रार अर्धीच खरी आहे. गायकीची हानी झाली, हे आम्ही नाकारीत नाही. पण हजानाला हिब्रूत 'समाजाचा दूत' म्हणतात; ज्यांनी पाठविले त्यांनाच गाते करणारा दूत कर्तव्याला चुकला, असे कसे म्हणावे?

मात्र एक अपेक्षा उरते. खझेन्त्यांच्या ध्वनिमुद्रिका कौतुकाच्या जुन्या वस्तू म्हणून कपाटात ठेवण्यासारख्या नाहीत. त्यांच्यापाशी कंठ होता, अधिकार नव्हता. आज ज्यांना अधिकार लाभला आहे, त्यांनी ती गायकी शिकून घेतली, तरच हा वारसा पुरा होईल.