शुगर बोर्ड : कल्पना चांगली, मजकूर अपुरा

मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) आपल्या संलग्न शाळांना एक परिपत्रक पाठवले. प्रत्येक शाळेने ‘शुगर बोर्ड’ लावावा. दिवसाला किती साखर खावी, नेहमीच्या खाण्यापिण्यात ती किती असते, जास्त खाल्ल्याने काय अपाय होतो आणि तिच्याऐवजी काय खावे, हे त्यावर लिहावे. १५ जुलैपर्यंत छायाचित्रांसह अहवाल द्यावा, असे त्यात म्हटले होते. सातारा-सांगलीतील बहुतेक शाळा राज्य मंडळाच्या असल्याने हा आदेश त्यांना लागू नाही. तरीही कल्पना कोणत्याही शाळेने घ्यावी इतकी चांगली आहे. म्हणूनच तिचा मजकूर तपासून घ्यायला हवा.

पहिला प्रश्न आकड्यांचा. परिपत्रक सांगते की ४ ते १० वर्षांच्या मुलांना रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के आणि ११ ते १८ वर्षांच्या मुलांना १५ टक्के उष्मांक साखरेतून मिळतात. मर्यादा मात्र ५ टक्क्यांची आहे. ही मुले कुठली? याच वयोगटांसाठी जवळपास हेच आकडे ब्रिटनच्या राष्ट्रीय आहार पाहणीत गेल्या दशकात आढळले होते. माण-खटावच्या किंवा जतच्या मुलांना ते लागू पडतीलच असे नाही. ५ टक्क्यांच्या मर्यादेला मात्र आपल्याकडचाही आधार आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार २००० उष्मांकांच्या आहारात २५ ग्रॅमपेक्षा अधिक साखर ही जास्तच होय.

आपला आकडा वर्गातही काढता येतो. देशात वर्षाला सुमारे २.८ कोटी टन साखर खपते आणि लोकसंख्या सुमारे १४५ कोटी आहे. म्हणजे माणशी वर्षाला १९ किलो, दिवसाला सुमारे ५३ ग्रॅम. यात गूळ धरलेला नाही आणि वाया जाणारी साखर वजा केलेली नाही. शिवाय सरासरीमुळे फरक झाकले जातात. बंगल्यातल्या मुलाची साखर आणि उसाच्या फडाजवळ कोपीत राहणाऱ्या तोडणी मजुराच्या मुलाची साखर एक नसते.

दुसरा प्रश्न कारणांचा. मुलांमध्ये वाढणाऱ्या टाइप-२ मधुमेहाचे खापर परिपत्रक मुख्यत्वे साखरेवर फोडते. संबंध आहेच, विशेषतः गोड पेयांचा. पण आनुवंशिकता, वाढलेले वजन, व्यायामाचा अभाव आणि एकूण आहार हेही तितकेच महत्त्वाचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेची मर्यादा सांगितली, ती प्रामुख्याने शरीराचे वजन आणि दातांची कीड यांवरील पुराव्याच्या आधारे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानमध्ये साखर जवळजवळ मिळेनाशी झाली, तेव्हा मुलांच्या दातांची कीड घटली. हा पुरावा दहा वर्षांच्या मुलाला समजतो आणि पटतोही. फलकावर दातांना पहिले स्थान मिळायला हवे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : कोणती साखर? परिपत्रकाचा रोख शीतपेये आणि पाकीटबंद खाऊ यांच्यावर आहे. आपल्याकडे साखर येते चहातून, चहात बुडवलेल्या बिस्किटांतून, शिऱ्यातून, कंदी पेढ्यातून, रसवंतीतून आणि गुळातून. ३०० मिलिलिटर कोलात सुमारे ३० ग्रॅम साखर असते, हे फलकावर लिहिले जाते. उसाच्या रसात शंभर मिलिलिटरमागे १३ ते १५ ग्रॅम साखर असते, म्हणजे २०० मिलिलिटरच्या एका पेल्यात जवळपास तेवढीच, हे मात्र लिहिले जात नाही.

गुळाबद्दल तर गैरसमजच आहे. ‘साखर वाईट, गूळ चांगला’ असे शिक्षकही सांगतात. गुळात साधारण ६५ ते ८५ टक्के सुक्रोज असते, शिवाय थोडे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. लोह असते, पण किती? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅममध्ये सुमारे ५ मिलिग्रॅम. स्त्रीची रोजची शिफारस २९ मिलिग्रॅमची आहे. ती केवळ गुळातून भागवायची तर रोज अर्ध्या किलोहून अधिक गूळ खावा लागेल! गूळ चवीसाठी जरूर खावा, औषध म्हणून नव्हे. आणि हिशेबात तो साखरेबरोबरच धरावा.

राहिला संकोचाचा मुद्दा. रेठरे बुद्रुक, भुईंज, साखराळे, फलटणजवळची साखरवाडी अशा गावांत वर्गातल्या निम्म्या मुलांची फी उसाच्या बिलातून येत असेल. तिथे साखरेला ‘पांढरे विष’ म्हणणे अशास्त्रीय आहे आणि त्या मुलांच्या आईवडिलांच्या कष्टांचा अपमानही आहे. परंतु म्हणून गप्प बसणेही बरोबर नाही. देशातली निम्म्याहून अधिक साखर घरात नव्हे, तर मिठाई, बिस्किटे आणि पेये यांच्या उद्योगांत जाते. उसापासून इथेनॉलही होते. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोचले. मुलाच्या चहातला एक चमचा कमी झाल्याने कारखान्याचे गाळप थांबणार नाही. उलट अनेक कारखाने सभासदांना सवलतीच्या दरात साखर देतात. घरात पोते असले की चमचा सैल सुटतो, ही गोष्ट मुलांना स्वतःच्याच घरात तपासता येईल.

तेव्हा फलक विकत आणून टांगू नये, मुलांकडून करून घ्यावा. एक चमचा साखर तराजूवर तोलावी. आठवडाभर आपण किती चमचे घेतले याची नोंद ठेवावी, गुळाचा खडाही मोजावा. बिस्किटाच्या पुड्यावरील आकडे वाचून एका बिस्किटातली साखर काढावी. नोंदवहीवर नाव नसावे, म्हणजे कोणाची गरिबी किंवा श्रीमंती उघडी पडणार नाही. ज्या मुलाची सकाळ नुसत्या गोड चहावर जाते, त्याला ‘साखर कमी कर’ एवढेच सांगणे पुरेसे नाही; त्याला भाकरी, उसळ, शेंगदाणे मिळतात का, हेही पाहावे लागेल. छायाचित्र पाठवले की परिपत्रकाचे काम संपते. शिक्षकाचे काम मात्र मुलाने स्वतः काढलेल्या आकड्यापासून सुरू होते.