दोन ओळींमधला धागा

इंटरनेटवरच्या छोट्या जाहिरातीला मी वाङ्मयप्रकारच मानतो. ऑक्टोबर २०००मध्ये गूगलने ‘अ‍ॅडवर्ड्‌स’ सुरू केले, तेव्हा तिचा घाट पक्का होता : २५ अक्षरांचे शीर्षक, खाली ३५-३५ अक्षरांच्या दोन ओळी. ओवीचा आखूड चौथा चरण आधीच्या तिन्हींवर विसंबून असतो, तशा या ओळी एकमेकींवर रेललेल्या असत. पुढे त्या लांबल्या. क्रम मात्र लेखकाच्याच हाती राहिला.

जून २०२२च्या अखेरीस गूगलने तशा नव्या शोध-जाहिराती घेणे थांबवले. आता लेखकाने ३० अक्षरांपर्यंतची जास्तीत जास्त १५ शीर्षके आणि ९० अक्षरांपर्यंतची जास्तीत जास्त ४ वर्णने द्यायची. कोणाशेजारी कोण बसेल, ते यंत्र ठरवते. एखादी ओळ जागेवर खिळवता येते, हे खरे. पण एरवी प्रत्येक ओळ एकटीने उभी राहील अशीच लिहावी लागते. ‘पण’, ‘मग’, ‘तरीही’ने ओळ सुरू करायची चोरी! माझा आक्षेप नेमका इथे आहे. समजा, चष्म्याच्या दुकानासाठी मी लिहिले, ‘चष्मा हरवला?’ आणि त्याखाली, ‘मग हे वाचलंत कसं?’ ही दुसरी ओळ उद्या ‘घरपोच सेवा मोफत’ला चिकटली, तर वाचणारा माझ्यावर नव्हे, दुकानदारावर हसेल.