'भाषेत' न लिहिलेलं पुस्तक

'बॅराकून' छापून यायला ८७ वर्षं लागली. झोरा नील हर्स्टनने ते १९३१ साली लिहून पूर्ण केलं होतं. व्हायकिंग प्रेसने रसही दाखवला, पण अट घातली: यातले आजोबा बोलतात तसं नको, नीट 'भाषेत' लिहून द्या. हर्स्टनने नाही म्हटलं. हस्तलिखित पडून राहिलं, १९६० मध्ये ती गेली, आणि पुस्तक आलं थेट २०१८ साली.

त्या आजोबांचं नाव ओलुआले कोसोला. अमेरिकेत त्यांना कुजो लुईस म्हणत. आजच्या बेनिन देशातल्या एका गावात ते वाढले. ते १९ वर्षांचे असताना दाहोमेच्या राजाच्या फौजेने गावावर हल्ला केला, माणसं मारली, उरलेली पकडून समुद्रकिनारी कोंडली. त्या कोंडवाड्याला 'बॅराकून' म्हणत. तिथून 'क्लोटिल्डा' नावाच्या जहाजाने सुमारे ११० माणसांना अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मोबिल शहराजवळ आणलं. साल होतं १८६०. बाहेरून गुलाम आणण्यावर अमेरिकेत १८०८ पासून बंदी होती. टिमोथी मेहर नावाच्या धनाढ्य व्यापाऱ्याने पैज लावून हा उद्योग केला आणि पुरावा नको म्हणून जहाज जाळून बुडवलं. त्याला शिक्षा झाली नाही.

पाच वर्षांनी गुलामी संपली. परत जायला पैसे नव्हते. कोसोलांनी सगळ्यांच्या वतीने मेहरकडे जमीन मागितली. त्याने दिली नाही. मग त्यांनी गिरण्यांमध्ये राबून, भाजीपाला विकून, पै-पै साठवून जमीन विकत घेतली आणि वस्ती उभी केली. चर्च बांधलं, शाळा काढली. या वस्तीचं नाव आफ्रिकाटाउन. ती आजही तिथे आहे.

इतकी माहिती कुठल्याही विश्वकोशात मिळेल. 'बॅराकून' वाचायचं ते माहितीच्या पलीकडे त्यात जे राहिलंय त्यासाठी. हर्स्टन पुन्हा पुन्हा कोसोलांच्या अंगणात जाते. कधी पीच घेऊन जाते, कधी कलिंगड. काही दिवस ते भरभरून बोलतात. काही दिवस म्हणतात, आज नको, बागेत काम आहे. ती निघून येते आणि हे निघून येणंही लिहून ठेवते. मुलाखतींच्या पुस्तकांतून सहसा हाच भाग कापला जातो. विचारणाऱ्याला वाटतं, न मिळालेलं उत्तर म्हणजे वाया गेलेला दिवस. या पुस्तकात मात्र त्या नकारांमुळे कळतं की ही गोष्ट कोसोलांची आहे. ती कधी सांगायची आणि किती, हे तेच ठरवतात.

फोटोचा प्रसंगही असाच. हर्स्टन फोटो काढायचं म्हणते, तेव्हा ते ठेवणीतला सूट घालून येतात, पण बूट काढून ठेवतात. आफ्रिकेत होते तसं दिसायचं असतं त्यांना. आणि फोटो हवा असतो दफनभूमीत, आपल्या माणसांमध्ये. त्यांची सहाही मुलं त्यांच्याआधी गेली. एकाला पोलिसाने गोळी घातली, एक रेल्वेखाली गेला. खुद्द कोसोलांना रेल्वेने धडक दिली तेव्हा ज्युरीने ६५० डॉलरची भरपाई मंजूर केली. हातात काही पडलं नाही. हर्स्टन यावर भाष्य करत नाही. ते करत नाही म्हणूनच वाचताना आपल्याला पळवाट राहत नाही.

पण हे पुस्तक डोक्यावर घेऊन नाचण्याआधी दोन गोष्टी नीट पाहायला हव्यात.

पहिली गोष्ट हर्स्टनच्या १९२७ सालच्या लेखाची. ती त्याच वर्षी कोसोलांना भेटली होती आणि त्यावर तिने एका नियतकालिकात लेख लिहिला. नंतर अभ्यासकांनी दाखवून दिलं की त्यातला बराचसा मजकूर एमा लँगडन रोश या गोऱ्या लेखिकेच्या १९१४ च्या पुस्तकातून उचललेला होता. हर्स्टनवर प्रेम करणारे हा भाग पटकन उरकतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. तीच लेखिका, तोच माणूस, पण लेखात कोसोलांचा आवाज नाही आणि पुस्तकात तो पानोपानी आहे. मधे जे बदललं ते म्हणजे तिने पुन्हा जाऊन, महिनोन्‌महिने त्यांच्याजवळ बसून दिलेला वेळ. मौखिक इतिहासात प्रतिभेपेक्षा हा वेळ जास्त मोलाचा असतो, याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट 'शेवटचा' या शब्दाची. कोसोलांची ओळख वर्षानुवर्षं 'क्लोटिल्डा'वरचा शेवटचा जिवंत माणूस अशी करून दिली गेली. ते १९३५ साली गेले. पण अलीकडच्या संशोधनातून समोर आलं की त्याच जहाजातून आलेली रेडोशी ही स्त्री १९३७ पर्यंत आणि मटिल्डा मॅक्रिअर १९४० पर्यंत जिवंत होती. हर्स्टनला अशा एका स्त्रीचा पत्ता लागलाही होता. लँगस्टन ह्यूजला लिहिलेल्या पत्रात ती सांगते की ही बाई कोसोलांपेक्षा चांगली बोलते, पण हे आपल्यातच ठेवू. त्या बाईंवर पुस्तक झालं नाही. 'शेवटचा माणूस' ही कल्पना विकायला सोपी असते. तिच्यामुळे बाकीच्यांना विचारायचंच राहून जातं. आणि राहून गेलेल्यांमध्ये बायका असतात, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

आता व्हायकिंगच्या अटीकडे येतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि ही अट मला ओळखीची वाटते. आमच्याकडे तिला 'डेटा क्लीनिंग' म्हणतात. वेगळ्या उच्चाराचं, वेगळ्या व्याकरणाचं जे असेल ते आधी एका साच्यात बसवायचं, मग पुढचं काम. आता मुलाखत रेकॉर्ड केली की ती मशीनच लिहून काढतं. २०२० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाच मोठ्या कंपन्यांच्या अशा यंत्रणा तपासल्या. गोऱ्या वक्त्यांच्या बोलण्यात त्यांच्या सरासरी शंभर शब्दांमागे १९ चुका झाल्या, काळ्या वक्त्यांच्या बोलण्यात ३५. म्हणजे आज कोसोलांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून बटण दाबलं, तर १९३१ साली प्रकाशकाला जे मागावं लागलं होतं ते न मागताच मिळेल, आणि नाही म्हणायला कुणी हर्स्टन मधे नसेल.

याचा अर्थ हर्स्टनने उतरवलेली बोली जशीच्या तशी खरी आहे असंही नाही. तिचं स्पेलिंग हीसुद्धा एक निवडच आहे, आणि कधी कधी ती इतकी जड होते की वाचताना अडखळायला होतं. मराठीत हे पुस्तक कसं येईल, याचा मी बराच विचार केला. प्रमाण मराठीत आणलं तर व्हायकिंग जिंकलं. वऱ्हाडीत किंवा मालवणीत आणलं तर त्याहून मोठी फसवणूक, कारण त्या जन्मापासून बोलल्या जाणाऱ्या भाषा आहेत. कोसोलांची इंग्रजी तशी नव्हती. ती एकोणिसाव्या वर्षी, कुणी न शिकवता शिकलेली भाषा होती. तिच्यातली प्रत्येक मोडतोड म्हणजे त्यांच्या प्रवासाची नोंद आहे. ती दुरुस्त केली की ती नोंदही जाते.

२०२२ सालचा मार्गारेट ब्राउनचा माहितीपट 'डिसेंडंट' हे पुस्तक जिथलं आहे तिथे परत नेतो. आफ्रिकाटाउनमधली आजची माणसं, त्या जहाजातून आलेल्यांचे वंशज, कॅमेऱ्यासमोर 'बॅराकून' मोठ्याने वाचतात. पानावर जड वाटणारं तेच स्पेलिंग त्यांच्या तोंडी सहज चालायला लागतं. माझ्या मते माहितीपटातला हा सगळ्यात चांगला भाग. बाकी त्यात जहाजाचा शोध आहे, आणि मेहर कुटुंबाच्या ताब्यात आजही असलेल्या जमिनीचा, वस्तीला वेढून बसलेल्या कारखान्यांचा आणि प्रदूषणाचा प्रश्न आहे.

'क्लोटिल्डा'चे अवशेष सापडल्याचं २०१९ च्या मे महिन्यात जाहीर झालं. जगभर बातम्या आल्या. आफ्रिकाटाउनमधल्या लोकांना त्यात नवीन काय होतं? जहाज होतं, ते जाळलं, हे त्यांची आजी-पणजी दीडशे वर्षं सांगत आली होती. बाहेरच्यांपैकी अनेकांना ती दंतकथा वाटायची. चिखलातून कुजलेलं लाकूड वर आलं तेव्हा त्यांच्या शब्दांवर विश्वास बसला. मौखिक इतिहास 'जतन' करण्याच्या गप्पा मारताना ही गोष्ट मला सारखी टोचते. आवाज साठवायला आता फारसा खर्च येत नाही. पण साठवलेल्या आवाजाला लाकडाइतकी किंमत द्यायची तयारी आहे का, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा नाही.

आणि वस्तीच राहिली नाही तर आवाज कुणासाठी साठवायचा? हाही प्रश्न आहेच. २०२३ साली आफ्रिकाटाउनमध्ये हेरिटेज हाउस उघडलं; जहाजाचे तुकडे तिथे पाहायला मिळतात. तुकडे ठेवायला जागा झाली, हे चांगलंच आहे. पण कोसोलांनी मागितली होती जमीन. 'बॅराकून' आणि 'डिसेंडंट' एकापाठोपाठ घेतले तर त्या मागणीचं वय लक्षात येतं. आधी पुस्तक वाचा, शक्य असेल तर मोठ्याने.