कोऱ्या चहाची भाषा

सुट्या पानांच्या महागड्या चहाच्या पाकिटांवर हल्ली जे छापलेलं असतं, तो एक स्वतंत्र लेखनप्रकार आहे असं मला वाटतं. चार-पाच ओळींचा मजकूर, पण त्यात डोंगर असतो, धुकं असतं, मळ्याचं नाव असतं आणि शेवटी चवीचं वर्णन: ऑर्किड, लिची, पीच, शॅम्पेन. पुस्तकांच्या मलपृष्ठावरचा मजकूर आपण जसा थोड्या संशयानं वाचतो, तसं हे मात्र कोणी वाचत नाही. आपण गुपचूप घोट घेतो, पीच शोधतो, आणि सापडलं नाही की आपलीच जीभ कमी पडली असं समजतो.

गेली काही वर्षं मी असे चहा आणते, पिते आणि त्यांची पाकिटं जपून ठेवते. चहा मला मनापासून आवडतो. माझं भांडण आहे ते त्याबद्दल लिहिण्याच्या रीतीशी.

सुरुवात सगळ्यात गूढ दिसणाऱ्या शब्दापासून करू. दार्जिलिंगच्या पाकिटावर ‘एफटीजीएफओपी’ अशी अक्षरं दिसतात. फुलवून सांगायचं तर ‘फायनेस्ट टिप्पी गोल्डन फ्लॉवरी ऑरेंज पेको’. एवढी विशेषणं पाहून वाटतं, हे चवीचं वर्णन असणार. ते तसं नाही. ही प्रतवारी पानाची आहे: पान किती अखंड आहे, त्यात कोवळ्या कळ्या किती आहेत. ‘पेको’ हा शब्द कोवळ्या कळीवरच्या पांढऱ्या लवेसाठी असलेल्या चिनी शब्दावरून आला. ‘ऑरेंज’चा संत्र्याशी संबंध नाही, तो शब्द नेदरलँड्सच्या ऑरेंज राजघराण्याशी जोडला जातो. तेव्हा या सहा अक्षरांत चव कुठेच नाही. चहाच्या धंद्यातल्या लोकांनी या अक्षरांचा एक विनोदी विस्तार केला आहे: ‘फार टू गुड फॉर ऑर्डिनरी पीपल’. सामान्य माणसांसाठी जरा जास्तच चांगला. विनोद जुना आहे, पण पाकिटावरचा सगळा मजकूर नेमकं हेच सांगत असतो.

खरं तर मूळ गोष्ट साधी आहे. ग्रीन, व्हाइट, ऊलाँग, ब्लॅक हे सगळे चहा एकाच झाडाचे, कॅमेलिया सायनेन्सिसचे. फरक पडतो तो पान तोडल्यानंतर त्याचं काय केलं यानं. लगेच उष्णता दिली तर ते हिरवं राहतं. सुकवून, वळून, हवेशी पूर्ण संयोग होऊ दिला तर काळं होतं. मध्येच कुठे थांबवलं की ऊलाँग. कापलेलं सफरचंद तपकिरी पडतं, त्याच जातीची ही क्रिया. हे एका वाक्यात छापता येईल. पण मग गूढ राहत नाही.

*

चहाबद्दलच्या लेखनात दुसऱ्याच्या चहाला नाक मुरडण्याची परंपरा चहाच्या पहिल्या मोठ्या ग्रंथापासून आहे. आठव्या शतकात, तांग राजवटीच्या काळात, लू यू यानं ‘चा जिंग’ लिहिला. झाड, अवजारं, पाणी, भांडी, सगळ्याचा त्यात विचार आहे. त्यातच तो आलं, कांद्याची पात, पुदिना, संत्र्याची साल घालून चहा उकळणाऱ्यांवर घसरतो. असलं पेय म्हणजे त्याच्या लेखी गटारात ओतायचं पाणी. म्हणजे आपल्या आल्याच्या चहाला बाराशे वर्षांपूर्वीच कोणीतरी नावं ठेवून झाली आहेत. गंमत अशी, की लू यू स्वतः चहाच्या वडीची पूड करून ती पाण्यात उकळायचा आणि वर चिमूटभर मीठ घालायचा. आजचा कोणताही शुद्धतावादी हे पाहून डोळे मिटून घेईल.

ओकाकुरा काकुझो यांच्या १९०६ च्या ‘द बुक ऑफ टी’ या पुस्तकात हा इतिहास नीट मांडलेला आहे: आधी उकळायचा चहा, मग पूड करून घुसळायचा, मग पानं पाण्यात मुरवायचा. तांग, सुंग आणि मिंग असे तीन काळ, तीन रीती. या पुस्तकात सौंदर्याचं अवडंबर पुष्कळ आहे, आणि आजच्या पाकिटांवरचं धुकं बरंचसं तिथूनच वाहत आलंय असा मला संशय आहे. पण या मांडणीतून एक गोष्ट आपसूक सिद्ध होते. पानं मुरवणं ही चहाची ‘खरी’ रीत नसून सगळ्यात उशिरा आलेली रीत आहे. उकळणं हा अडाणीपणा असेल, तर तो अभिजात अडाणीपणा आहे.

मग जॉर्ज ऑर्वेल. १९४६ साली ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये त्यानं चहा कसा करावा याचे अकरा नियम लिहिले. तोही हट्टी आहे. साखर घालणाऱ्यांची तो थट्टा करतो, चिनी चहात फारशी तरतरी नाही म्हणतो, गाळणी नको म्हणतो. तरीही तो लेख मला पाकिटांपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो. कारण त्यात रेशन आहे. ब्रिटनमध्ये तेव्हा चहा मोजून मिळत होता, आणि दोन औंसांत, म्हणजे साधारण सत्तावन्न ग्रॅममध्ये, वीस कप कडक चहा कसा निघेल ही ऑर्वेलची खरी चिंता आहे. त्याच्या चवीला किंमतीचं भान आहे. पाकिटावरच्या चवीला ते नसतं.

*

आता आपल्याकडे येऊ. ‘कोरा चहा’ हा शब्द आपल्या घरांत चवीचा कधीच नव्हता. तो दूध नसल्याचा शब्द होता. गुळाचा कोरा चहा म्हणजे महिनाअखेर, किंवा आटलेली गाय. पाहुण्याला कोरा चहा द्यावा लागणं ही लाज होती. दूध जास्त घातलेला चहा हा मान होता. आज तोच बिनदुधाचा चहा काचेच्या किटलीत साडेतीनशे रुपयांना मिळतो, तेव्हा मागच्या पिढीतली माणसं गोंधळून बघतात. त्यांना चव कळत नाही असं नव्हे. त्यांना त्या शब्दाचा इतिहास ठाऊक आहे.

आपला उकळलेला चहाही काही आपोआप घडलेला नाही. जागतिक मंदीत चहाचे भाव कोसळल्यावर, १९३० च्या दशकात, भारतीयांना चहा प्यायला लावण्याची मोठी मोहीम चालली. किटलीत पानं, वर उकळतं पाणी, ठरावीक मिनिटं, असं शिकवणारी प्रात्यक्षिकं झाली, फलक लागले. १९४७ साली चित्रकार अन्नदा मुन्शी यांनी केलेल्या जाहिरातीत चरखा चालवणारी बाई आहे आणि चहा शंभर टक्के स्वदेशी असल्याची ग्वाही आहे. लोकांनी चहा घेतला, धडा नाही घेतला. त्यांनी पाणी, दूध, साखर, आलं एकत्र उकळलं. त्याच दशकात आसाममध्ये सीटीसी यंत्र आलं होतं, पान चिरडून, फाडून, त्याचे गोळीदार दाणे करणारं. स्वातंत्र्यानंतर या दाण्यांचा खप वाढत गेला, कारण थोडक्यात जास्त कप निघत आणि दुधातही रंग टिकत असे. पुण्याच्या अमृततुल्यात पितळी पातेल्यात जे उकळतं ते या दाण्यांचंच कर्तृत्व आहे.

सीटीसी आणि अखंड पान यांतला फरक त्यामुळे श्रेष्ठ-कनिष्ठ असा नाही. दाण्याचा सगळा पृष्ठभाग उघडा असतो, तो दोन मिनिटांत सगळं देऊन मोकळा होतो. अखंड पान हळूहळू उलगडतं. म्हणून दार्जिलिंग खळखळून उकळला की नुसता कडू होतो, आणि सीटीसी नाजूकपणे मुरवला की पाणचट लागतो. ग्रीन टीला सत्तर-ऐंशी अंशांचं पाणी लागतं, म्हणजे उकळी आल्यावर चार-पाच मिनिटं थांबायचं. दार्जिलिंगला त्याहून गरम पाणी आणि तीन मिनिटं. कपाला चहाचा एक सपाट चमचा. चांगलं ऊलाँग चार-पाच वेळा पाणी घेतं आणि दर वेळी वेगळं लागतं. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. बहुतेक घरांत एक गाळणी आणि झाकण ठेवता येईल असं भांडं असतं, तेवढं पुरतं.

*

माझा खरा मुद्दा यापुढचा आहे. आपल्या जिभेला शब्द आहेत, आणि या चहांसाठी ते पाकिटावरच्या शब्दांपेक्षा जास्त नेमके आहेत.

‘ॲस्ट्रिंजंट’ हा शब्द बोलीभाषेतला नाही. मराठीत मात्र ‘तुरट’ ही सहा रसांपैकी एक सरळ चव आहे आणि पाच वर्षांच्या मुलालाही ती कळते. तिच्यातही आपल्याकडे छटा आहेत. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जड होते ते वेगळं, काजूचं बोंड घसा धरतं ते वेगळं. पहिल्या बहराचा, मार्च-एप्रिलचा दार्जिलिंग कोवळ्या पेरूसारखा तुरट असतो. आसामचा अखंड पानाचा चहा जांभळाकडे झुकतो.

चिनी चहाप्रेमींच्या बोलण्यात ‘हुई गान’ अशी एक कल्पना येते: घोट गिळल्यावर काही क्षणांनी घशातून परत येणारी गोडी. इंग्रजी लेखांत हे समजवायला परिच्छेद खर्ची पडतात. आपण शाळेबाहेर आवळा खाऊन नळाचं पाणी प्यायलेलो आहोत. बस, तेच.

फूच्येन प्रांतातल्या वुयी डोंगरांत होणारा लापसांग सुचाँग देवदाराच्या जातीच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. पाकीट म्हणतं ‘कॅम्पफायर’. मला तो हिवाळ्यातल्या सकाळी पेटवलेल्या बंबाजवळ उभं राहिल्यासारखा लागतो. युन्नानचा मुरवलेला पु-एर म्हणजे पावसाळ्यात बंद राहिलेली, माती-लाकडाचा वास धरलेली माजघराची खोली. हे ऐकायला वाईट वाटतं, प्यायला नाही. जपानी सेंचाला हिरव्या, नुकत्या वाफवलेल्या पालेभाजीचा वास आहे. भाजलेला होजिचा खमंग आहे, आणि ‘खमंग’ या शब्दाला इंग्रजीत नीट जोडीदार नाही.

हे शब्द मी आग्रहानं सांगते ते भाषाभिमान म्हणून नव्हे. उसन्या शब्दांनी चव घेतली की आपण समोरच्या कपातलं न पिता पाकिटावरचं पितो. ज्यानं लिची क्वचितच खाल्ली आहे त्याला लिचीचा भास होऊ लागतो, कारण तो न होणं म्हणजे परीक्षेत नापास होणं. समीक्षेतही हेच घडतं. परक्या संज्ञा पाठ झाल्या की पुस्तक वाचायची गरज उरत नाही.

*

दुसऱ्या बहराच्या, मे-जूनच्या दार्जिलिंगची ‘मस्कॅटेल’ चव प्रसिद्ध आहे. मला ती भिजवलेल्या मनुकांच्या पाण्यासारखी लागते. तिच्यामागे एक कीड आहे. हिरवे तुडतुडे कोवळ्या पानांचा रस शोषतात, झाड स्वतःच्या बचावासाठी काही सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि तीच पुढे चवीत उतरतात. तैवानच्या ‘ओरिएंटल ब्यूटी’ ऊलाँगचीही हीच कथा. विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्याला तुडतुडे ओळखून सांगावे लागणार नाहीत. त्यांच्याच भाईबंदांवर तो दरवर्षी फवारणी करतो. पाकिटांना ही किडीची गोष्ट फार आवडते आणि ती गोष्ट खरंच सुंदर आहे.

पण त्याच पानाला किडीनंतर जो दुसरा स्पर्श होतो, त्याबद्दल पाकीट गप्प असतं. दोन पानं आणि एक कळी खुडणारा हात बहुतेकदा बाईचा असतो. किलोभर तयार चहाला साधारण चार-साडेचार किलो ओली पानं लागतात. २०२३ मध्ये पश्चिम बंगालच्या मळ्यांतली रोजची मजुरी वाढून २५० रुपये झाली. १९५१ च्या मळे कामगार कायद्यानं घर, दवाखाना, पाळणाघर यांची जबाबदारी मालकावर टाकली होती. पण पिढ्यानपिढ्या राहूनही घराखालची जमीन बहुतेकांच्या नावावर नाही. माझ्याकडच्या दार्जिलिंगच्या शंभर ग्रॅमच्या पाकिटाची किंमत ६५० रुपये आहे. मुल्कराज आनंद यांनी ‘टू लीव्ह्ज अँड अ बड’ ही आसामच्या मळ्यावरची कादंबरी १९३७ मध्ये लिहिली. आता त्या नावातले शब्द फक्त पानाची प्रत सांगायला वापरले जातात.

‘मग काय, चहा प्यायचा नाही का?’ असा प्रश्न येतो. प्यायचा. २०१७ मध्ये दार्जिलिंगच्या डोंगरात शंभराहून अधिक दिवस बंद होता, तेव्हा दुसऱ्या बहराचा जवळपास सगळा चहा बुडाला आणि त्यात खुडणाऱ्यांचाच रोजगार आधी गेला. न पिण्यानं कोणाचं भलं होत नाही. पण एखाद्या गोष्टीची चव घेणं म्हणजे तिच्यात काय काय आहे ते ओळखणं असेल, तर माती, उंची, धुकं आणि कीड इथपर्यंत येऊन थांबणारी चव अर्धवट आहे. डोंगराची उंची मीटरमध्ये छापणाऱ्याला मजुरीचा आकडा छापायला जागा पुरत नाही, हे मला पटत नाही.

तेव्हा माझ्याकडच्या पाकिटासाठी मी स्वतः मजकूर लिहून त्यावर चिकटवला आहे. तो असा: ‘जूनमध्ये खुडलेला. तुडतुड्यांनी चावलेला. आधी पेरूसारखा तुरट, मग मनुकांचं पाणी, आणि घोट गेल्यावर आवळ्यानंतरची गोडी. तीन मिनिटं मुरवा, पानं टाकू नका, दुसरं पाणी घाला. खुडणारीची दिवसाची मजुरी २५० रुपये, या पाकिटाची किंमत ६५०. दूध घालायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.’